पहिलं गुणसूत्र मलेशियात वाचलं गेलं

आपल्याकडे पोल्ट्रीवाल्याने ‘रक्ती हगवण’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. पिल्लांखालचा भुसा (लिटर) ओला झाला, पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात बसली, विष्ठेत रक्त दिसलं, की त्या बॅचचं नुकसान ठरलेलं. कोंबडीच्या आंधळ्या आतड्यात हे घडवणारा परजीवी म्हणजे आयमेरिया टेनेला. त्याच्या जीनोमवर, म्हणजे सगळ्या डीएनएवर, काम करायला मी मलेशियात आलो, तेव्हा घरच्यांना, खरं सांगायचं तर मलाही, हा देश दुसऱ्या पसंतीचा वाटत होता.

इथे येऊन कळलं ते असं. या परजीवीची गुणसूत्रं तेव्हा १४ मानली जात. त्यातल्या पहिल्याच्या डीएनए-अक्षरांचा क्रम २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, तो मलेशियाच्या शास्त्रज्ञांनी इंग्लंडमधल्या गटांना सोबत घेऊन केलेल्या कामातून. अख्ख्या मलेशियाची लोकसंख्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांशसुद्धा नाही!

ते गुणसूत्र लहान आहे, साधारण १० लाख अक्षरांचं. पण लहान म्हणजे सोपं नव्हे. पडद्यावर क्रम उघडला की काही पट्टे अगदी सरळ वाचता येतात आणि मध्येच सुरू होतं सी, ए, जी या तीन अक्षरांचं पालुपद: सीएजी, सीएजी, सीएजी... एकाच थानाच्या चिंध्या पुढ्यात टाकून मूळ कापड जोडायला सांगावं, तसं ते काम. बरं, ही पुनरावृत्ती जनुकांच्या आतही शिरलेली. पेशी ही अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचते आणि प्रत्येक गटामागे प्रथिनाचा एक मणी, म्हणजे एक अमिनो आम्ल, जोडते. वाचन एका अक्षराने सरकलं की सीएजीचं एजीसी होतं, आणखी एकाने सरकलं की जीसीए. त्यामुळे प्रथिनांत कुठे ग्लुटामिनच्या, कुठे सेरीनच्या, कुठे अ‍ॅलानिनच्या माळा लागतात. हे सगळं त्या काळच्या यंत्रांवर जुळवणाऱ्यांपुढे मी मनापासून हात जोडतो.

आपण कमी आहोत असं मात्र मी मानणार नाही. २००५ मध्ये भाताचा जीनोम पूर्ण झाला, त्यात ११ व्या गुणसूत्राच्या कामात भारताचा वाटा होता. कुवत होतीच. भाताला जे मिळालं ते कोंबडीच्या वाट्याला आलं नाही, याचं वाईट वाटतं.

कारण गरज मोठी आहे. खाद्यातल्या औषधांना हा परजीवी सरावतो. जिवंत लस आहे, पण तिच्यासाठी परजीवी कोंबड्यांतच वाढवावा लागतो. त्यांच्या विष्ठेतून त्याची अंडी वेगळी काढायची, धुवायची, मग पुढचं सगळं. जनुकांची यादी हाती असली की लसीसाठी नेमकं प्रथिन निवडून ते यीस्टसारख्या पेशींत बनवून पाहता येतं. २०१४ मध्ये कोंबडीतल्या सात आयमेरिया जातींचे जीनोम प्रसिद्ध झाले आणि ते सर्वांसाठी खुले आहेत. आपल्या फार्मवरचे नमुने त्यांच्याशी ताडून पाहायला कुणी देश सोडायची गरज नाही. मी सोडला, तो ज्यांनी हे हाताने केलं त्यांच्या शेजारी बसून शिकायला.