माळ्यावरचे तीन धिरे

भिंत पाडण्याचा शॉट सकाळी साडेदहाला ठरला होता. कॉलशीटवर, म्हणजे दिवसाच्या शूटिंगच्या वेळापत्रकावर, त्या ओळीसमोर तीन कॅमेरे, दोन घण आणि शोचा यजमान, एवढी नोंद होती. पावणेदहाला आमचा सुतार माळ्यावरून खाली उतरला आणि कपाळावरचा टॉर्च न विझवताच म्हणाला, "ही भिंत आज पडणार नाही."

घरं विकत घ्यायची, दुरुस्त करायची आणि नफ्यात विकायची, या धंद्यावरचा हा रिअ‍ॅलिटी शो. लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत चित्रीकरण चाललेलं, आणि साइटवरचं बांधकाम माझ्याकडे. २००७ मध्ये ब्राव्हो वाहिनीवर जेफ लुइसचा ‘फ्लिपिंग आउट’ आला. त्यात घरांइतक्याच जागेवर त्याच्या ऑफिसातल्या माणसांच्या तऱ्हा होत्या. आमच्या टीममध्येही तशी माणसं होती. हा सुतार खिशात काचेची गोटी ठेवायचा. प्रत्येक खोलीत ती जमिनीवर सोडायचा आणि कुठे घरंगळते ते पाहायचा. कुठल्याही भिंतीला हात लावण्याआधी माळ्यावर चढायचा, नकाशा कितीही स्पष्ट असला तरी. एपिसोडमध्ये त्याचं माळ्यावर चढणं दरवेळी गंमतीच्या संगीतावर दाखवलं जाई. मला ते कधीच पटलं नाही. गोटी घरंगळली तर खालचा पाया खचलेला असू शकतो, आणि माळा पाहिल्याशिवाय घराचा भार कुठून खाली उतरतो ते कळत नाही. त्याचं वागणं म्हणजे त्याची कामाची पद्धत होती.

घर १९५४ चं. लाकडी सांगाडा, बाहेरून स्टको म्हणजे सिमेंटचा गिलावा, जमिनीखाली रांगत जाण्याइतकी पोकळी, वर चौपाखी छप्पर. घराच्या एका टोकाला नऊ फुटांचं स्वयंपाकघर, त्याला लागून बैठकीची खोली, आणि मधली भिंत काढून १२ फुटांची मोकळी जागा करायची. सगळ्यांनी लावलेला नियम साधा होता: छताचे जॉइस्ट, म्हणजे छत धरणाऱ्या आडव्या कड्या, ज्या भिंतीवर आडवे टेकतात ती भिंत भार घेते, जॉइस्ट भिंतीला समांतर धावत असतील तर भिंत नुसता आडोसा. इथे जॉइस्ट समांतर होते. डिझायनरनं तसं लिहिलं होतं, मीही ते मान्य केलं होतं.

दुपाखी छपराला हा नियम बऱ्याचदा लागू पडतो. चौपाखी छपराचं तसं नाही. त्यात घराच्या दोन्ही टोकांनाही एकेक पाखं उतरतं आणि त्या पाख्याचे वासे घराच्या लांबीच्या दिशेनं जातात. त्या काळी हे वासे बहुतेकदा २×४ चे (दोन बाय चार इंची लाकडाचे), २४ इंचांच्या अंतरानं लावलेले. आमचं घर २८ फूट रुंद, म्हणजे टोकाच्या पाख्याचा आडवा पल्ला १४ फूट. २×४ ला तो झेपत नाही. म्हणून वाशांच्या मध्यावर खालून एक आडवं लाकूड बसवतात, पर्लिन, आणि त्या पर्लिनला दर चार फुटांवर तिरका धिरा देतात. धिऱ्याचा पाय खालच्या एखाद्या भिंतीच्या डोक्यावर. धिरा आडव्याशी ४५ अंशांपेक्षा कमी कोनात नको आणि आधाराविना आठ फुटांहून लांब नको, असं कोड, म्हणजे बांधकामाची नियमावली, सांगतं. टोकाच्या पाख्याचं पर्लिन नेमकं आमच्या भिंतीला समांतर होतं आणि भिंतीपासून दोनच फूट आत. तीन धिरे भिंतीच्या माथ्यावर उतरलेले, आणि त्यांचे पाय उष्णता अडवणाऱ्या इन्सुलेशनच्या सहा इंच थराखाली गाडले गेलेले. माळ्याच्या दारातून डोकं वर काढून पाहणाऱ्याला नुसतं करडं कापसाचं शेत दिसत होतं. सुतारानं पोटावर सरकत जाऊन हातानं ते बाजूला सारलं होतं.

हिशोब तिथेच एका प्लायवुडच्या तुकड्यावर केला. पाख्याच्या सात फूट पट्ट्याचा भार पर्लिनवर येतो, त्यातला चार फुटांचा वाटा एका धिऱ्यावर. छपराचं स्वतःचं वजन चौरस फुटाला १५ पौंड धरलं आणि वर माणसं चढतील म्हणून कोडनं सांगितलेले २० पौंड मिळवले, तर ४ गुणिले ७ गुणिले ३५, म्हणजे ९८० पौंड. एका धिऱ्यावर सुमारे ४४५ किलो. तिघांचे मिळून तेराशे किलोहून जास्त.

भिंत पाडली असती तर छप्पर कॅमेऱ्यासमोर कोसळलं असतं का? बहुधा नाही, आणि म्हणूनच हा प्रकार इतका वाईट. छपरावर कोणी नसताना प्रत्येक धिऱ्यावर फार तर ४२० पौंड असतात. वासे थोडे वाकले असते, प्लास्टरला केसाएवढी चीर गेली असती, तिच्यावर पुट्टी आणि रंग चढला असता. घर विकलं गेल्यावर, पावसाळी दिवसांनंतर किंवा कोणी नवीन कौलं चढवण्यासाठी गठ्ठे छपरावर रचल्यावर, पाखं पोटात गेलं असतं. तेव्हा त्या घरात एखादं कुटुंब राहत असतं.

दिग्दर्शकाचा प्रश्न वेळेचा होता. दिवसाचं युनिट भाड्यानं असतं आणि घण मारल्याशिवाय एपिसोडचा पहिला भाग पूर्ण होत नाही. यजमानाचा प्रश्न पैशांचा. या घरासाठी त्याचं कर्ज ६,००,००० डॉलरचं, वर्षाला ११ टक्क्यांनी. दिवसाला सुमारे १८० डॉलर नुसतं व्याज. तो तऱ्हेवाईक म्हणून ओळखला जायचा. विटेची रांग पाव इंच सरकली तरी काम थांबवायचा. त्या सकाळी तो स्वतः माळ्यावर चढला, पाच मिनिटांनी खाली आला आणि म्हणाला, "इंजिनियरला बोलवा. आज दुसरं काहीतरी फोडू."

दुसरं काहीतरी म्हणजे मागच्या खोलीतलं कपाट. घण मारण्याचा शॉट दिसायला सोपा, पण त्याची तयारी अर्धा दिवस खाते. दक्षिण कॅलिफोर्नियात दुरुस्तीसाठी काहीही उखडण्याआधी अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी लागते. या घराची झाली होती, आणि खडबडीत फवाऱ्याच्या छतात तो सापडल्यामुळे परवानाधारक लोकांनी ते छत आधीच काढलं होतं. १९७८ च्या आधीचं घर, म्हणून रंगात शिसं धरूनच चालायचं: जमिनीवर प्लास्टिक, दारांना पडदे, धूळ बसवायला पाण्याचा फवारा. मग सर्किट बंद करून टेस्टरनं खात्री. घण जिथे बसणार तिथे चार बाय चार फुटांचा चौकोन आखून त्याच्या मागे पाइप, वायर किंवा गॅसची नळी नाही हे छोट्या भोकातून पाहायचं. एरवी कुशल माणूस भिंतीला घण लावतच नाही. तो सुरीनं कोपरे कापतो आणि भिंतीचे जिप्समचे पत्रे अखंड ओढून काढतो, कारण घणानं जुने गॅल्व्हनाइज्ड पाइप सांध्यांत हलतात आणि गळती दोन खोल्या पलीकडे सुरू होते. मास्कवरून पुन्हा वाद झाला. मास्क लावला की चेहरा झाकतो आणि कॉलरच्या माइकवर आवाज दबतो, म्हणून तो काढायला सांगतात. आम्ही घण मास्क लावून मारला आणि संवाद धूळ बसल्यावर बाहेर अंगणात घेतले.

इंजिनियरच्या नकाशात ४×१२ ची डग्लस फर लाकडाची तुळई आली, तेरा फूट लांब. डिझायनरला छत सलग हवं होतं, म्हणून ती माळ्यात, जॉइस्टच्या मधल्या रिकाम्या पट्ट्यात बसवायची. दोन टोकांना ४×४ चे खांब, आणि त्या खांबांखाली, जमिनीखालच्या पोकळीत, २४ इंच चौरस नवे पाये. हे खालचे पाये लोक विसरतात. वर कितीही भक्कम तुळई घातली तरी खांब नुसत्या फळ्यांच्या जमिनीवर उभा राहिला तर वरचा भार एका जागी आणून तिथेच जमीन खचवतो. पाये खणून, सळया बांधून, सिटीच्या इन्स्पेक्टरनं पाहिल्यावरच काँक्रीट ओतलं, बादल्यांनी, रांगत. वर भार टाकण्याआधी सात दिवस थांबलो.

मग पर्लिनच्या बरोबर खाली स्वयंपाकघरात तात्पुरती भिंत उभी केली आणि छताला भोकं पाडून तीन उभे टेकू पर्लिनपर्यंत नेले. टेकूखालचे स्क्रू जॅक अष्टमांश इंच वर घेतले, त्याहून एक फेराही जास्त नाही. छप्पर उचलायचं नसतं, त्याचं वजन फक्त हातात घ्यायचं असतं. जास्त उचललं की पलीकडच्या खोलीतलं प्लास्टर तडकतं. टेकूंनी भार घेतल्यावर जुने धिरे सुटले, चौघांनी छतातल्या फटीतून तुळई वर चढवली, खांबांवर लोखंडी टोप्यांत बसवली, आणि नवे धिरे तिच्यावर उतरवले. जॅक दोन दिवसांत हळूहळू सोडले. त्यानंतर भिंत कापली. करवतीनं.

या सगळ्यात तीन आठवडे गेले, व्याजाचेच सुमारे ३,८०० डॉलर. विक्रीच्या तारखेला त्याचा फटका बसला नाही, कारण घेतल्यापासून ९० दिवसांच्या आत विकलेल्या घराला एफएचएचा (अमेरिकी सरकारच्या गृहकर्ज विमा संस्थेचा) विमा असलेलं कर्ज मिळत नाही आणि तशा खरेदीदारांसाठी आम्हाला थांबावंच लागणार होतं. मधल्या काळात रंगारी रोज संध्याकाळी शूटिंगचे दिवे विझवायला लावून बसायचा. ते ५६०० केल्विनचे, घरातले बल्ब २७०० चे; केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा. कॅमेऱ्यासमोर निवडलेला करडा रंग घरच्या दिव्यात पिवळट दिसतो. त्यानं दोन रंग बदलायला लावले, आणि दोन्ही वेळा त्याचंच बरोबर होतं.

एपिसोडमध्ये तुळईला जेमतेम अर्धा मिनिट मिळाला, आणि त्यात सुतार इन्सुलेशनमधून तोंड पुसत बाहेर येताना दिसतो. माझ्या मते तिथे आणखी दोन मिनिटं द्यायला हवी होती. ज्यांना आपल्या घरात अशी भिंत काढायची आहे त्यांना तेवढं तरी दिसलं असतं.

आमच्या टीममधल्या एका बाईंची सवय अशी: भिंत आणि छत बंद करण्याआधी त्या प्रत्येक उघड्या भागाचे फोटो घेत, चौकटीत मोजपट्टी धरून, म्हणजे वायर कोपऱ्यापासून किती इंचांवर आहे ते नंतर वाचता येतं. यासाठी पत्रे बसवणारी माणसं तासभर खोळंबली तरी त्या हटत नसत. या घराचे त्यांनी जवळपास २०० फोटो काढले. त्यांतले तुळई, दोन्ही खांब आणि पाये यांचे फोटो छापून, इंजिनियरच्या नकाशाच्या प्रतीबरोबर प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्यांनी वीजपेटीशेजारच्या कपाटात, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले. घर विकलं तेव्हा ते तिथेच होते.