ट्यूब

पवना धरणाच्या पाण्याकाठी तंबू लावायचा आमचा धंदा पावसाळा सरल्यापासून मे अखेरपर्यंत. शनिवारी पुण्या-मुंबईची गर्दी, एरवी आम्ही आणि म्हशी. मे महिन्यात पाणी उतरतं. धरणातून नदीत सुटलेलं पाणी खाली रावेतच्या बंधाऱ्यावर पिंपरी-चिंचवडसाठी उचललं जातं, आणि इकडे काठ रोज थोडा आत सरकतो. बुडालेलं वाघेश्वराचं देऊळ उघडं पडतं, जुन्या खाचरांचे बांध दिसायला लागतात. पाहुणे फोटो काढतात. पण जसे बांध वर दिसतात तसेच पाण्याखालीही आहेत. गुडघाभर पाण्यात चालता चालता बांध संपतो आणि पुढचं खाचर लागतं, गाळाने भरलेलं. मागच्या आठवड्यात पोरं जिथे उभी होती तिथे आता कोरडं, म्हणून "तेवढंच आत" जाऊ म्हटलं तर खालची जमीन वेगळीच. पाण्यात उतरू नका म्हटलं की उत्तर ठरलेलं: "दादा, पोहता येतं आम्हाला."

त्या शनिवारी एका कुटुंबातले गृहस्थ नवा कोरा गळ घेऊन आले होते. कणकेच्या गोळीला दोन चिलाप्या लागल्या तेव्हा त्यांनी सगळ्या कॅम्पला बोलावून दाखवल्या. सूचनेच्या पाटीवर त्यांचा टॉवेल वाळत होता. साडेचारला लोहगडाच्या बाजूने आभाळ काळवंडलं. वळवाचा वारा आधी येतो, पाऊस मागून. आम्ही तंबू आडवे पाडून खुंट्या ठोकत होतो, तेवढ्यात त्यांचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा गाडीतली हवेची ट्यूब घेऊन पाण्यात शिरला.

वारा डोंगराकडून, म्हणजे काठावरून आत. ट्यूब हलकी. बघता बघता पोरगं पन्नास-साठ हात लांब गेलं. वडील कपड्यांसकट निघाले, त्यांना दोघांनी धरून ठेवलं. गावातले एक काका वादळाआधी जाळी काढायला पाण्यातच होते, ट्रकच्या ट्यूबवर बसून. ते ओरडले, "सोडू नको रं! पाय मारू नको, नुसता धरून ऱ्हा!" हातांनी वल्हवत ते त्याच्याकडे निघाले. पण एकट्याला वाऱ्याविरुद्ध दोन ट्यूबा ओढणं जमेना.

मग मी दोर घेऊन बांधावरून गेलो. तो बांध आजोबांच्या खाचराचा. मागल्या साली उघडा पडला तेव्हा मी त्यावरून शेवटापर्यंत चाललो होतो, त्यामुळे कुठे वळतो ते माहीत होतं. छातीपर्यंत पाणी आलं तिथे थांबून दोर फेकला. तिसऱ्यांदा काकांच्या हाताला लागला. काठावरच्या चौघांनी ओढलं.

पोरगं थरथरत होतं, पण तासाभराने चुलीपाशी बसून दोन ताटं जेवलं. वडिलांनी काकांच्या हातात नोटा कोंबायचा प्रयत्न केला. काकांनी त्या घेतल्या नाहीत. त्यांची अर्धी जाळी वाऱ्याने नेली होती, तीच शोधायला ते पुन्हा निघाले. जाताना त्यांनी पोराची ट्यूब मात्र मागून घेतली. म्हणाले, "ही इथंच ऱ्हाऊ द्या."