राईडच्या दारात रिकामे हात

थीम पार्कला जायचं ठरलं की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. "असू दे बरोबर, लागलं तर?" म्हणणारा दादा आणि "लागलं तर तेव्हा बघू" म्हणणारी वहिनी. मी आत्या, म्हणजे दोन्ही पक्षांच्या पिशव्या शेवटी माझ्याच खांद्यावर. म्हणून या वेळी आदल्या रात्री मी एकच प्रश्न घेऊन बसले. कुणी काहीही पिशवीत टाकलं की विचारायचं, "राईडमध्ये बसताना हे कुठे जाणार?"

साध्या सहलीत पिशवी एकदा झाडाखाली ठेवली की विषय संपतो. इथे दर तासा-दीड तासाने कुणीतरी दारात उभा राहून सांगतं की टोपी काढा, गॉगल काढा, खिसे रिकामे करा. कुठे बाजूला उघडे कप्पे असतात, कुठे लॉकर, कुठे यातलं काहीच नाही. त्यामुळे वस्तू उपयोगाची आहे का, एवढं विचारून भागत नाही. तिला ठरलेली जागा नसेल तर ती दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या हातात राहते, आणि ज्याच्या हातात राहते तो खाली उभा राहून बाकीच्यांचे फोटो काढतो.

दादाने अर्थात माझं ऐकलं नाही. त्याच्या पाठपिशवीत मोठा कॅमेरा, ट्रायपॉड, लांब दांड्याची छत्री आणि दोन जाडजूड टॉवेल होते. प्रवेशद्वारावर तपासणीच्या टेबलाशी ती सगळी पिशवी उघडली गेली. ट्रायपॉड आत चालणार नाही म्हटल्यावर तो गाडीपर्यंत उलटा गेला. वहिनी तोवर कमरेचा पाउच लावून बिनपिशवीवाल्यांच्या रांगेतून आत पोचून आमची वाट बघत होती. काचेच्या बाटल्या, लांब काठ्या आणि घडीच्या खुर्च्या बहुतेक ठिकाणी अडवतात. सेल्फी स्टिकचंही तेच. डिस्नेने २०१५ साली आपल्या पार्कांमध्ये तिच्यावर बंदी घातली, कारण लोक चालत्या राईडवर ती बाहेर काढत होते. निघण्यापूर्वी त्या-त्या पार्कच्या साइटवर नियम वाचायला पाच मिनिटं लागतात. कपड्यांचेही नियम असतात. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांमध्ये १४ वर्षं आणि त्यावरच्या पाहुण्यांना एरवी पात्रांचा पोशाख घालून येता येत नाही. भाची बारा वर्षांची. तिला हे सांगितल्यावर "म्हणजे माझ्याकडे दोनच वर्षं उरली" असं म्हणून तिने परीच्या झग्याचा हट्ट दुप्पट केला. झगा आला नाही. झग्याला खिसे नव्हते.

आता बूट. कपडे थोडे इकडे-तिकडे झाले तरी निभतं, बुटांचं तसं नाही. दिवसभरात दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं, पण खरा त्रास चालण्याचा नसतो, रांगेत उभं राहण्याचा असतो. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आकसतात आणि रक्त वर ढकलतात. एका जागी उभं राहिलं की हे पंपिंग मंदावतं आणि पाय भरून येतात. संध्याकाळपर्यंत पाऊल चक्क सुजलेलं असतं, म्हणून सकाळी पुढे अंगठ्याला थोडी मोकळीक असलेले बूट हवेत. आणि ते वापरून मुरलेले हवेत. नव्याकोऱ्या बुटांचं उद्घाटन इथे करू नये.

मोज्यांकडे कुणी लक्ष देत नाही. फोड येतो तो घासण्याने, आणि ओली, गरम झालेली त्वचा लवकर सोलते. सुती मोजा घाम पिऊन ओलाच राहतो, त्यापेक्षा सिंथेटिक किंवा बारीक लोकरीचा पायाला बरा. मी एक जादा जोड झिपच्या पिशवीत घातला होता आणि दुपारी बदलला. त्या क्षणाचं सुख थेट स्वर्गीय वर्गातलं. चिकटपट्टीही फोड आल्यावर लावायची नसते. टाचेला एखादी जागा गरम लागायला लागली की तिथल्या तिथे बूट काढून लावायची. धाकट्या भाच्याने "काही होत नाहीये" म्हणताना टाच जरा उचलून धरली होती, तेव्हाच वहिनीने त्याला कट्ट्यावर बसवलं. मोजा खाली केला तर टाचेवर रुपयाएवढा लाल गोल. कातडी अजून शाबूत होती. पट्टी लावली, नाड्या घट्ट बांधल्या आणि तो रात्रीपर्यंत पळत होता.

भाची सँडलवर आली होती, पण मागे पट्टा असलेल्या. हा पट्टा महत्त्वाचा. काही रोलर कोस्टरमध्ये पाय खाली मोकळे लोंबकळत असतात, तिथे नुसती सरकवायची चप्पल काढूनच ठेवावी लागते. आमच्या पुढच्या रांगेतली एक मुलगी अनवाणी बसली आणि तापलेल्या फलाटावर परत उतरताना नाचत नाचत चपलांपर्यंत गेली.

बुटांची आणि पाण्याची ही कटकट थीम पार्कइतकीच जुनी आहे. डिस्नेलँड उघडलं त्या दिवशी, १७ जुलै १९५५ ला, कॅलिफोर्नियात साधारण ३८ अंशांचं ऊन होतं. डांबर ताजं होतं, त्यात बायकांच्या उंच टाचा रुतत होत्या. नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळही पुरेसे सुरू झाले नव्हते. आता डांबर वाळलेलं असतं, तरी बाटली आपली जवळ असावी. हलकी, आत जाताना रिकामी, आणि नळ दिसला की भरून घ्यायची. मी घडी होणारी मऊ बाटली नेली होती. ती रिकामी झाली की गुंडाळून पाउचमध्ये बसते, म्हणून माझ्या प्रश्नाच्या परीक्षेत पास.

कपड्यांबद्दल माझं मत पक्कं आहे. जीन्स नको. पाण्याच्या राईडमध्ये भिजली की ती अंगावर ओल्या गोधडीसारखी बसते, वाळत नाही आणि मांड्या सोलून काढते. सुती कापड उन्हात छान वाटतं, पण पाणी धरून ठेवतं. नायलॉन किंवा पॉलिस्टरचं पातळ कापड अर्ध्या-पाऊण तासात अंगावरच वाळतं. पांढरा टी-शर्ट भिजल्यावर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी दरवेळी कुणीतरी घालून येतंच. आणि खिशाला झिप हवी, अगदी एका खिशाला तरी. रोलर कोस्टर चढावाच्या माथ्यावरून खाली कोसळतो तेव्हा आपण सीटवरून उचलले जातो, आणि खिशातला फोन काही आपल्याला धरून बसलेला नसतो.

केसांचा क्लचर हा छोटा शत्रू आहे. गाडी झटक्याने वळते, डोकं मागच्या टेकूवर आपटतं आणि क्लचरचे दात टाळूत घुसतात. साध्या रबराची, मानेशी घातलेली वेणी सगळ्यात बरी. लांब कानातली आणि गळ्यातलंही हॉटेलवर ठेवावं, कारण खांद्यावरून येणारा पट्टा ते नेमकं दाबतो. ओढणी, स्टोल, लोंबणारा स्कार्फ याबाबतीत मात्र थट्टा नाही. गो-कार्टच्या, म्हणजे छोट्या शर्यतीच्या गाडीच्या, चाकात किंवा फिरणाऱ्या दांड्यात कापड अडकलं तर गळा आवळला जातो आणि त्यात जीव गेले आहेत. राईडवर काम करणाऱ्या मुलाने वहिनीला स्टोल काढून दे म्हणून सांगितलं तेव्हा तिने एका शब्दाने वाद घातला नाही.

चष्मेवाल्यांनी मागून घालायची दोरी घ्यावी. अबुधाबीच्या फेरारी वर्ल्डमधला २०१० साली सुरू झालेला फॉर्म्युला रोसा हा रोलर कोस्टर ताशी २४० किलोमीटरने धावतो, तिथे डोळ्यांना वारा आणि धूळ लागू नये म्हणून गॉगलच देतात. आमचा कोस्टर त्याच्या पासंगालाही पुरणारा नव्हता, तरी दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं. वाऱ्याने, असं तो म्हणतो.

सनस्क्रीनबद्दल थोडक्यात. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे उन्हातली त्वचा भाजणारी किरणं अडवतं आणि ५० साधारण ९८, म्हणजे आकड्यापेक्षा दर दोन तासांनी परत लावणं जास्त मोलाचं. भिजल्यावर तर लगेच. कान, मानेची मागची बाजू आणि सँडल असतील तर पायाचा वरचा भाग हमखास राहून जातो. कपाळाला कांडीवालं लावावं, पातळ क्रीम घामाबरोबर डोळ्यात उतरून झोंबतं.

पाण्याची राईड आम्ही मुद्दाम भर दुपारी घेतली, म्हणजे वाळायला ऊन मिळतं. संध्याकाळी भिजलं की रात्रभर कुडकुडायचं. पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल रेनकोट, छत्रीपेक्षा कितीतरी चांगला. गर्दीत कुणाच्या डोळ्यात जात नाही, आणि पावसातही चालतो. फक्त तो घातला की आपण कोरडे राहू असं समजू नका. सीटच्या खोबणीत आधीच्या फेरीचं पाणी साचलेलं असतं, आणि आपण बसतो तेच त्यात. वरून कोरडे, खालून चिंब, अशी आमची मिरवणूक निघाली. फोन मात्र झिपच्या पिशवीत सुखरूप होता. बूट काढता येत असतील तर काढावेत, पण पुष्कळ राईडवर काढू देत नाहीत.

ज्यांना गरगरतं त्यांनी गोळी अर्धा-एक तास आधी घ्यावी लागते, सुरू झाल्यावर उपयोग नाही. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, तेव्हा गाडी चालवणाऱ्याने डॉक्टरांना विचारूनच. पूर्ण उपाशीपोटीही फिरत्या राईडवर बसू नये.

मुलं बरोबर असतील तर आत शिरल्याबरोबर त्यांचा पूर्ण उंचीचा फोटो काढायचा. हरवल्यावर "कुठला शर्ट होता?" यावर आई-बापांची भांडणं होतात, फोटो भांडत नाही. मनगटावर फोन नंबरचा पट्टा, आणि अंगावर लांबून ओळखू येईल असा भडक रंग. उंची घरीच मोजून न्यावी. कुठे बुटांसकट मोजतात, कुठे बूट काढून. धाकटा मोठ्या कोस्टरच्या पट्टीला दोन बोटं कमी पडला, पण त्याला ते आधीच माहीत होतं, म्हणून रडारड दारात न होता आदल्या दिवशी घरीच उरकली होती.

सूर्य कलल्यावर ओले केस आणि वारा मिळून चांगलीच थंडी वाजते. मुठीत मावणारं पातळ जाकीट तेव्हा कामी आलं. पॉवर बँकही, कारण उन्हात स्क्रीनचा उजेड वाढवून आणि दिवसभर पार्कचं ॲप उघडं ठेवून बॅटरी दुपारीच मान टाकते. गाडी लावताना खांबावरच्या नंबरचा फोटो घेतला होता, तो रात्री शोधायलाही चार्जिंग लागतंच.

दादाचे दोन्ही टॉवेल दिवसभर लॉकरमध्ये घडी न मोडता पडून होते. हॉटेलवर आल्यावर मात्र ते बुटांना कामी आले. आतली गादी बाहेर काढायची, टॉवेलने दाबून पाणी टिपायचं, मग वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायचे आणि बोळे ओले झाले की बदलायचे. हेअर ड्रायरची गरम हवा मारली तर डिंक सुटतो. एवढं करूनही जाड बूट सकाळपर्यंत वाळत नाहीत, तेव्हा दुसऱ्या दिवशी परत पार्कला जायचं असेल तर बुटांचा दुसरा जोड हवाच. तो मुक्कामाच्या बॅगेत, पाठपिशवीत नव्हे.