तुम्ही विचारलंत म्हणून: शब्दाला किती?

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतो. "ताई, शब्दाला किती घेता? आणि ते ठरवता कसं?" अनुवादात नव्याने उतरलेली मुलं-मुली विचारतात, काम घेऊन आलेली माणसं तर विचारणारच. आजवर मी आकडा सांगून विषय संपवत आले. 'कसं'चं उत्तर दिलं नाही, कारण ते देताना एक फोन आठवतो आणि तो मला आठवायला नको असतो. पण परवा एकजण म्हणाले, "तुमचं बरंय, तुम्ही म्हणाल तो भाव." ते लागलं. म्हणून एकदा सगळं लिहिते.

आधी आकडे. इंग्रजीतून मराठीत अनुवाद: अनुवादाची कामं मिळवून वाटणाऱ्या एजन्सीकडून 1 रुपया 80 पैसे, थेट ग्राहकाकडून 3 रुपये, तेही मूळ इंग्रजी शब्दांवर. हे मी दरवेळी मेलमध्ये कबूल करून घेते. 'इन फ्रंट ऑफ द हाउस' हे पाच शब्द. मराठीत 'घरासमोर', एक. हजार शब्दांचा मजकूर माझ्या हातून साडेआठशेच्या आसपास उतरतो, नीट हात फिरवला तर त्याहून कमी. मराठी शब्द मोजून पैसे मिळणार असतील, तर वाक्य जितकं आवळावं तितकं माझंच नुकसान. एका जुन्या ग्राहकाने तीन वर्षं मराठी शब्द मोजून बिल दिलं आणि मी ते घेतलं. त्या काळातले अनुवाद आज वाचले तर 'च्या संदर्भात' आणि 'करण्यात येत आहे' जागोजाग दिसतं. ते पैशांसाठी मुद्दाम घातलं नव्हतं. पण काढलंही नव्हतं.

दुसऱ्याच्या नावाने पुस्तक लिहायचं असेल तर शब्दांचा हिशेब करत नाही. मुलाखती किती, रेकॉर्डिंग उतरवणार कोण, दुरुस्त्या किती वेळा, हे ठरवून ठोक रक्कम सांगते आणि तिसरा हिस्सा आधी घेते. हक्कांचं वेगळं बोलते. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी करारानेच दुसऱ्याकडे जातात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. म्हणजे 'कायमचे, जगभर, सर्व हक्क' ही ओळ कुणी घालून मागितली तर त्या ओळीलाही किंमत आहे. मला हे कळायला नऊ वर्षं लागली. तोवर समोरून आलेल्या कागदावर मी सही करत होते.

आता 'कसं'. 2013 साली मी विनाअनुदानित शाळेतली नोकरी सोडली तेव्हा महिन्याला बारा हजार मिळायचे. पहिल्या एजन्सीने दर विचारला आणि किती सांगावा हे ज्याला विचारावं असं मला कुणी नव्हतं. मी कागदावर मांडलं: दिवसाला दोन हजार शब्द, महिन्याला बावीस दिवस, म्हणजे 27-28 पैशांत शाळेचा पगार सुटतो. मग धीर करून 50 पैसे लिहिले. मिनिटाभरात 'ओके' आलं. त्या मिनिटाभरातच मला कळायला हवं होतं. पण मला आनंद झाला होता. रोज काम मिळत नाही, महिन्याकाठी बारा-तेरा दिवस भरले तरी पुष्कळ, हे त्या कागदावर नव्हतंच. दहा टक्के आयकर (टीडीएस) बिलातूनच कापून जातो आणि रिटर्न भरल्यावर कधीतरी परत येतो, हेही नव्हतं. 2015 साली 70 पैसे केले आणि तिथेच थांबले. घर स्वतःचं, नवऱ्याची पगारी नोकरी. अडत नव्हतं.

2019च्या सप्टेंबरमधली गोष्ट. लातूरकडची एक मुलगी दीड वर्षापासून माझ्याकडे अनुवाद दाखवायला यायची. पुण्यात कॉट बेसिसवर राहायची, मेसचा डबा होता. भाषा माझ्यापेक्षा बरी. मराठवाड्यातले असे शब्द काढायची की मी वही घेऊन बसायचे. मीच तिचं नाव माझ्या एजन्सीला कळवलं. दर काय सांगायचा हे तिने मला विचारलं नाही. मीही सांगितलं नाही; आपला दर सांगणं मला तेव्हा पगाराची चिठ्ठी दाखवण्यासारखं वाटायचं. तिने स्वतः चौकशी करून 1 रुपया 60 पैसे सांगितला आणि त्यांनी मान्य केला. दोन महिने काम सुरळीत चाललं. मग एका रात्री साडेनऊला तिचा फोन आला तेव्हा मी ओटा पुसत होते.

"ताई, तुम्ही सत्तर पैशांत करता?"

मी लगेच काही बोलले नाही. तिने एजन्सीचा मेल वाचून दाखवला. आमच्या सर्वात अनुभवी अनुवादक 70 पैशांत काम करतात, तुम्हाला त्या दराला जमेल का, असं नम्रपणे लिहिलं होतं. माझं नाव नव्हतं, पण मराठीला तिथे अनुभवी अशी दुसरी कुणी नव्हती.

मी बोलायला लागले ते स्वतःच्या बाजूने. म्हटलं, अगं मी फार आधी सुरुवात केली, तेव्हा तोच भाव होता. म्हटलं, वाढवून मागितलं तर काम जाईल अशी भीती वाटायची. म्हटलं, मला पैशांपेक्षा भाषेचं काम महत्त्वाचं वाटतं. हे शेवटचं वाक्य मी बोलले याची आजही लाज वाटते. ती चिडली नाही. तिने हिशेब सांगितला. दिवसाला दीड हजार शब्द होतात. महिन्याचे तेरा दिवस काम. 1 रुपया 60ने 31,200 होतात. 70 पैशांनी 13,650. कॉटचं भाडं आणि मेस मिळून साडेनऊ हजार. घरी तीन हजार पाठवते.

"तुम्हाला परवडतं, ताई," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. खरोखर समजून घेतल्यासारखं म्हणाली. "मला नाही परवडत."

मी म्हटलं, मी बोलते त्यांच्याशी. आणि दहा दिवस बोलले नाही. एक मोठं काम हातात होतं, ते पूर्ण होऊन बिल निघेपर्यंत थांबावं असं मनात होतं. दुसरं कारण असल्याचं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं, ते आता आठवतही नाही. अकराव्या दिवशी मेल केला की यापुढे दीड रुपया. त्यांनी 90 पैसे देऊ केले. मी नाही म्हटलं आणि त्यांचं काम थांबलं. पण तोवर तिने एका बँकेच्या कॉल सेंटरमध्ये नोकरी धरली होती. आता ती तिथे टीम लीडर आहे, बरं चाललंय. अनुवाद करत नाही. दिवाळीला मेसेज येतो, मीही उत्तर देते. त्या फोनबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

2013ची मी आज समोर असती तर म्हणाली असती, एजन्सीने घासाघीस केली त्यात माझा काय दोष? मी काय दर पाडायला बसले होते? खरंय, नव्हते. ज्याला गरज आहे त्याने कमीत घेतलं तर त्याला कुणी बोलू नये, हेही मला पटतं. पण मला तितकी गरज नव्हती, आणि हे 2013च्या मलाही मान्य करावंच लागेल. भीड भिकेची बहीण म्हणतात. माझ्या भिडेची झळ मात्र भलतीकडेच पोचली.

त्यानंतर दर वाढवले. तीनपैकी दोन एजन्सी सुटल्या, वर्षभर हात आखडून राहिलो. सरकारकडे सूक्ष्म उद्योग म्हणून 'उद्यम' नोंदणी केली. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या 2006च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करावं लागतं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. एकाने सात महिने पैसे अडवले तेव्हा याच कायद्याचा हवाला देऊन पत्र लिहिलं. आठ दिवसांत पैसे आले. काम पुन्हा आलं नाही.

मग तुम्ही विचाराल, दिवाळी अंकांना हजार-दीड हजारात कशी लिहिता? लिहिते. 1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनच्या या परंपरेत आपलं एखादं पान असावं असं वाटतं. शिवाय 'मानधन' हा शब्द आला की किती, हे विचारायचं धाडस मला अजून होत नाही. तिथेही कुणीतरी लेखनावरच जगणारं असेल, आणि माझ्या हजारामुळे त्यालाही हजारच मिळत असतील. हे दिसतं मला. तरी गणपती झाले की मी लेख पाठवते.

आणि एक, जे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. यंत्राने केलेला अनुवाद तपासून द्यायचं काम आता सगळीकडून येतं, 60 पैसे दराने. यंत्राचं वाक्य दुरुस्त करायला मला बहुतेकदा नव्याने लिहिण्याइतकाच वेळ लागतो. दोन वर्षं मी नाही म्हणत होते. या जूनमध्ये तीन आठवडे एकही काम आलं नाही आणि मी 'हो' म्हटलं. चाळीस हजार शब्द, चोवीस हजार रुपये. त्या एजन्सीच्या यादीत माझ्या नावापुढे आता तो आकडा असणार. पुढच्या कुणाला तो दाखवला गेला असेल का, हे मी विचारलेलं नाही. दुसरा लॉट सप्टेंबरमध्ये येतोय.