असुर म्हणजे असिरियन का?

शिकागोहून सुट्टीत घरी आले की कुणी ना कुणी विचारतंच, "तुझ्या शेजारी असिरियन राहतात ना? आपल्या पुराणातले असुर ते हेच का गं?" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नाही. आपल्या 'असुर'चं नातं अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातल्या 'अहुर' या शब्दाशी. 'अश्शुर' हे आजच्या इराकमधलं, तैग्रिस नदीकाठचं प्राचीन शहर आणि तिथला देव, दोघांचंही नाव. त्यावरूनच असिरिया हा देश आणि असिरियन लोक ओळखले गेले. नुसता उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही. पण मला हा प्रश्न टोचतो तो वेगळ्या कारणाने. त्यात हे लोक पुराणातच जमा होतात. इ.स.पू. ६१२मध्ये त्यांची राजधानी निनवे पडली आणि साम्राज्य संपलं, एवढं आपण वाचलेलं असतं. माणसं कुठे संपली?

शेजारच्या आजी घरात सुरेत बोलतात, म्हणजे अरामीची आजची बोली. अश्शुरच्या राजांच्या काळातच अरामी तिथल्या कारभारात रुळली होती. भेटल्यावर आजी "श्लामा" म्हणतात. श्लामा म्हणजे शांती.

त्यांचे आजोबा हक्कारीच्या डोंगरातले, आजच्या तुर्कस्तानातले. १९१५च्या ऑटोमन काळातल्या कत्तलीला हे लोक 'सैफो' म्हणतात, म्हणजे तलवार. तिथून जीव वाचवून ते इराकमध्ये आले. ऑगस्ट १९३३मध्ये इराकी सैन्याने सिमेले गावात निःशस्त्र असिरियनांना मारलं. आजींचे वडील तेव्हा तेरा वर्षांचे. मग सीमा ओलांडून सीरियात, खाबूर नदीकाठी नवी गावं वसली. आजी तिथल्याच. फेब्रुवारी २०१५मध्ये इस्लामिक स्टेटने त्याच गावांवर चालून येऊन दोनशेहून जास्त माणसं ओलीस नेली. शंभर वर्षांत तिसऱ्यांदा! त्यांत आजींची भाचीही होती. हे सगळं मी दोल्मा वळता वळता ऐकलं. द्राक्षाच्या पानावर भात-खिमा ठेवायचा, कडा आत दुमडायच्या, घट्ट गुंडाळायचं. भाचीचं नाव आलं तेव्हा आजींनी हातातलं पान तसंच उघडं बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं.

१ एप्रिल हे त्यांचं नवीन वर्ष, खा बनिसान. विसाव्या शतकात रूढ झालेल्या त्यांच्या मोजणीने २०२५ साली ६७७५वं लागलं. दाराला हिरव्या पात्यांची जुडी टांगायची त्यांची जुनी रीत आहे. तिला 'निसानची दाढी' म्हणतात. निसान म्हणजे वसंताचा महिना. शिकागोत तेव्हा बाहेर हिरवं फारसं काही नसतं, म्हणून आजी ताटात गहू पेरतात. त्या वर्षी आपला पाडवा ३० मार्चला होता. माझी गुढी बघून त्यांनी विचारलं, "हे काय?" म्हटलं, नवीन वर्ष. दोन दिवसांनी सकाळी दार उघडलं तर माझ्याही कडीला गव्हाच्या पात्यांची जुडी बांधलेली होती, लाल दोऱ्याने.