आकृतीला शून्य गुण: पेटंट अर्जांतून उद्याचा लॅपटॉप शोधण्याची या तिमाहीची नोंद

गेल्या तीन महिन्यांत माझ्या वहीतलं एकच पान मी तीनदा खोडून नव्याने लिहिलं. पेटंट अर्जातला कोणता लॅपटॉप खरंच बाजारात येईल याचा अंदाज बांधताना कोणत्या अर्जाला किती वजन द्यायचं, हे ठरवण्याचं ते पान. पूर्वी त्यात सर्वाधिक गुण आकृतीला असायचे. बिजागरी सुटी करून दाखवलेली, चाकांचे दाते मोजता येतील इतकी रेघ नेमकी, पडद्याखालचा आधार वेगळ्या छेदात काढलेला, असं काही दिसलं की तो लॅपटॉप थेट ‘दोन वर्षांत बाजारात’ या रकान्यात जायचा. आता माझ्याकडे आकृतीला शून्य गुण आहेत.

आधी वेळापत्रक. अमेरिकेचं पेटंट कार्यालय नवे अर्ज गुरुवारी प्रसिद्ध करतं आणि मंजूर पेटंट मंगळवारी. अर्ज पहिल्यांदा दाखल झाल्यापासून साधारण १८ महिन्यांनी तो सगळ्यांना पाहायला मिळतो. तिथे हा नियम २९ नोव्हेंबर २००० पासूनच्या अर्जांना लागू आहे. त्याआधी पेटंट मंजूर होईपर्यंत सगळं गुप्तच असायचं. हे १८ महिने आपल्या सगळ्यांनाच पाठ आहेत, पण त्यांचा अर्थ मी इतकी वर्षं अर्धवटच लावत होते. एखादी गोष्ट कंपनीला लगेच विकायची असेल तर ती अर्ज टाकते आणि काही महिन्यांत वस्तू बाहेर काढते. कागद आपल्या हाती येतो तेव्हा वस्तू वापरात रुळलेलीही असते. मग ज्या अर्जांतली वस्तू अजून कुठेच दिसत नाही, ते अर्ज दोनच प्रकारचे उरतात: सावकाश शिजत असलेले, नाहीतर सोडून दिलेले. आपला सगळा छंद या दोन ढिगांना वेगळं करण्याचा आहे, आणि आकृती दोन्ही ढिगांत सारखीच सुबक असते.

हे पटवून घेण्यासाठी मी उलटी तपासणी केली. बाजारात येऊन गेलेल्या गोष्टी घ्यायच्या आणि त्यांचा कागद केव्हा दिसला असता ते मागे जाऊन बघायचं.

पहिलं उदाहरण ॲपलच्या चुंबकी चार्जिंग जोडणीचं, म्हणजे मॅगसेफचं. अर्ज सप्टेंबर २००५ चा, मॅकबुक प्रोसोबत घोषणा जानेवारी २००६ मध्ये, पेटंट मंजूर डिसेंबर २००७ मध्ये. आपल्यातला कुणी दर गुरुवारी डोळ्यांत तेल घालून बसला असता तरी त्याला काहीच आधी कळलं नसतं. जुन्या काळात तर हे अंतर आणखी मोठं. आयबीएमच्या थिंकपॅड ७०१ चा पसरणारा कीबोर्ड १९९५ मध्ये लोकांच्या हाती आला आणि त्याचं पेटंट १९९६ मध्ये मंजूर झालं. ग्रिड कंपासचा, म्हणजे पडदा कीबोर्डवर मिटणाऱ्या पहिल्या लॅपटॉपांपैकी एकाचा, अर्ज १९८२ चा. मशीनही त्याच वर्षीचं, आणि पेटंट मात्र १९८६ चं.

आणि एक उदाहरण अगदी उलट निघालं. ते सापडलं तेव्हा मला खरंच आनंद झाला. ॲपलच्या पातळ ‘बटरफ्लाय’ कीबोर्डमध्ये धूळ आणि कण अडकायचे. कण आत शिरू नयेत म्हणून बटणांभोवती झालरी, पडदे, आतून हवा बाहेर ढकलणाऱ्या रचना अशा अनेक उपायांचा अर्ज सप्टेंबर २०१६ मध्ये दाखल झाला आणि मार्च २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जुलैत आलेल्या मॅकबुक प्रोमध्ये बटणांखाली सिलिकॉनचा पातळ पडदा होता. चार महिने आधी कागद सांगत होता. इथे तो का चालला? कारण अर्ज नव्या आकाराचा नव्हता, विकल्या गेलेल्या वस्तूतल्या दुखण्याचा होता. कंपनीला ज्या ठिकाणी रोज तक्रारी येतात तिथला अर्ज हौसेचा नसतो. तेव्हापासून ‘दुखण्यावरचा उपाय’ असा वेगळा रकाना केलाय आणि त्याला सध्या सर्वाधिक गुण आहेत. (२०१९ च्या शेवटी ॲपल कात्रीसारख्या जुन्या रचनेकडेच परतलं. पडदा आला हा अंदाज बरोबर, पण त्याने दुखणं गेलं नाही. दोन्ही नोंदी वहीत शेजारी शेजारी ठेवल्यात.)

आता घडीच्या पडद्यांकडे. या तिमाहीतला माझा सर्वाधिक वेळ यातच गेला.

पेटंट कार्यालय प्रत्येक अर्जाला विषयाप्रमाणे संकेत देतं. वर्गीकरणाचा संकेत जी०६एफ १/१६८१ म्हणजे फक्त बिजागरी, आणि १/१६५२ म्हणजे लवचीक किंवा गुंडाळता येणारा पडदा. हे दोन्ही संकेत एकाच अर्जावर असतील तेवढेच मी बाजूला काढते. असे अर्ज एकामागून एक वाचताना जाणवलं की बहुतेक सगळे एकाच अडचणीशी झटत आहेत. ती समजायला मी पुठ्ठ्याचे नमुने केले. शंभर पानी वही मधोमध दुमडून बघा: पानांच्या कडा एका रेषेत राहत नाहीत, तिरप्या होतात. आतल्या पानाला वळण छोटं पडतं, बाहेरच्याला मोठं. पडदा आत आणि कवच बाहेर असलेल्या लॅपटॉपचंही तेच होतं. दोन थरांमधलं अंतर जितकं, त्याच्या ३.१४ पट बाहेरच्या थराला जास्त वाट चालावी लागते. कवच पडद्यापासून ५ मिलिमीटर लांब असेल तर फरक जवळजवळ १६ मिलिमीटर. मला यातलं सुंदर वाटलं ते हे की वळणाची त्रिज्या कितीही घ्या, हा फरक बदलत नाही. त्रिज्या वाढवून पडद्यावरचा ताण कमी होतो, पण हे १६ मिलिमीटर कुठेतरी जिरवावेच लागतात.

मग प्रत्येक अर्ज वाचताना मी एवढंच विचारते: हे १६ मिलिमीटर तुम्ही कुठे जिरवताय? कुणी पाठीच्या बाजूला दोन समांतर आस ठेवून मधे फट उघडू देतं. कुणी पडद्याखाली सरकणारी पट्टी घालतं. कुणी घड्याळाच्या पट्ट्यासारखी कड्यांची माळ करतं. शेवटच्या प्रकाराची किंमत किती पडते ते लेनोवोच्या २०१४ च्या योगा ३ प्रो मध्ये दिसलं. तिथे पडदा लवचीक नव्हता, फक्त पूर्ण उलटा फिरायचा होता, तरी त्या बिजागरीत ८१३ तुकडे होते. ज्या अर्जात या फरकाला उत्तरच नाही, नुसता वाकलेला पडदा काढलाय, तो मी आता दुसऱ्यांदा उघडत नाही.

लेनोवोचा २०२० चा घडीच्या पडद्याचा लॅपटॉप, थिंकपॅड एक्स१ फोल्ड, मिटला की दोन भागांत जागा राहायची आणि तिथे छोटा कीबोर्ड बसायचा. म्हणजे मोठ्या त्रिज्येमुळे राहणारी फट त्यांनी उपयोगात आणली. २०२२ च्या १६.३ इंची आवृत्तीत दोन्ही भाग सपाट मिटले. पडद्याला बिजागरीपाशी गोल फुगू द्यायचं आणि पुढे दोन्ही पाती चिकटू द्यायची, अशी ही घडी. माझा दुसरा नमुना याच घडीचा होता. पुठ्ठ्यावर ती जमायला चार संध्याकाळी गेल्या, पण आता अशा अर्जांतल्या छेदाकडे बघितलं की कुठला भाग सरकतोय ते हाताला आधी कळतं.

गुंडाळणाऱ्या पडद्याची गोष्ट वेगळी. लेनोवोने २०२३ मध्ये नमुना दाखवला आणि २०२५ च्या जानेवारीत थिंकबुक प्लसची विकायची आवृत्ती जाहीर केली: १४ इंचांचा पडदा मोटरने वर सरकून १६.७ इंचांचा होतो. रुंदी तीच राहते, वाढते फक्त उंची. आकडेमोड केली तर वाढ साधारण १० सेंटीमीटर येते. एवढा पडदा बंद अवस्थेत कीबोर्डच्या खाली दडलेला असतो. इथे वळण एकच, तेही बिजागरीला समांतर, आणि साठवायला तळाची जाडी आयती मिळते. म्हणून आडव्या पसरणाऱ्या पडद्यांचे अर्ज कितीही आले तरी त्यांच्यावर मी सध्या कमी गुण लावतेय. आडव्या पसरण्यात जादा पडदा झाकणातच मुरवावा लागतो, आणि झाकण हा लॅपटॉपचा सगळ्यात पातळ भाग. हा माझा अंदाज आहे, पण त्याच्या मागे पुठ्ठा आहे.

वाचनाची पद्धत थोडी सांगते, कारण बदल तिथेच झाला. आता मी अर्ज शेवटून उघडते, म्हणजे दाव्यांपासून: कंपनी नेमका कशावर हक्क मागतेय ते सांगणारी क्रमांकित वाक्यं. पहिला दावा घ्यायचा आणि त्यात लिहिलंय तेवढंच कोऱ्या कागदावर स्वतः काढायचं. मूळ आकृती बघायची नाही. एका अर्जात दोन पडद्यांचा देखणा लॅपटॉप काढलेला होता, वर सुटा कीबोर्ड, लेखणी, सगळं. पहिल्या दाव्याप्रमाणे मी काढायला बसले तर कागदावर आलं एवढंच: एक पृष्ठभाग, त्यावर ठेवलेली वस्तू आणि ती कुठे ठेवलीय हे ओळखणारे चुंबकी संवेदक. कंपनीने हक्क मागितला होता फक्त या ओळखण्यावर. बाकीचा लॅपटॉप म्हणजे त्या कल्पनेला बसायला दिलेलं घर. जुन्या वहीत हा अर्ज मी ‘दोन पडद्यांचं नवं मशीन’ म्हणून चढवला होता.

दुसरी पायरी म्हणजे प्रसिद्ध अर्जातला पहिला दावा आणि मंजूर पेटंटातला पहिला दावा शेजारी ठेवून बघणं. अमेरिकेच्या क्रमांकाच्या शेवटी अर्जाला ‘ए१’ असतं, आणि अर्ज आधी प्रसिद्ध होऊन मंजूर झालेल्या पेटंटाला ‘बी२’. मधल्या काळात परीक्षकाने हरकती घेतलेल्या असतात आणि कंपनीने शब्द वाढवून दावा आखडता घेतलेला असतो. तो पत्रव्यवहारही वाचायला खुला आहे. वाढवलेले शब्द मी लाल पेनाने लिहिते. त्या शब्दांत कंपनीने कशाशी तडजोड केली आणि काय शेवटपर्यंत धरून ठेवलं ते दिसतं.

तिसरी पायरी पैशांची. सोडून दिलेला ढीग ओळखायला इतकं भक्कम साधन मला दुसरं मिळालेलं नाही. अमेरिकेत पेटंट मंजूर झाल्यावर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी ते जिवंत ठेवण्याचं शुल्क भरावं लागतं. नाही भरलं तर सहा महिन्यांच्या सवलतीनंतर ते मरतं, आणि ही नोंद कुणालाही बघता येते. मोठ्या कंपन्या वापरात नसलेल्या पेटंटांचंही शुल्क भरत राहतात, त्यामुळे शुल्क भरलं यावरून फार काही ठरत नाही. शुल्क न भरणं मात्र स्पष्ट बोलतं. माझ्या जुन्या यादीतल्या ज्या बिजागरींवर मी सर्वाधिक लिहिलं होतं, त्यांतल्या काहींचं पहिलंच शुल्क भरलेलं नव्हतं. त्या पानांवर आडवी रेघ मारताना वाईट वाटलं. काही कल्पना मला खरोखर आवडल्या होत्या.

त्याच मूळ वर्णनावर नवे दावे लावून कंपनी पुढचा अर्ज टाकत असेल, किंवा तोच शोध तीन-चार देशांत दाखल करून भाषांतराचा खर्च सोसत असेल, तर तो धागा मी ‘शिजतंय’ मध्ये ठेवते. यालाही मर्यादा आहेत. मायक्रोसॉफ्टने सरफेस निओ हे दोन पडद्यांचं यंत्र ऑक्टोबर २०१९ मध्ये मंचावर दाखवलं आणि ते विक्रीला कधीच आलं नाही. कागद होते, नमुना होता, घोषणा होती.

बाह्य रूपाच्या डिझाइन पेटंटांवर मी या तिमाहीत वेळ घालवला नाही. अमेरिकेत ती मंजूर होईपर्यंत प्रसिद्धच होत नाहीत, युरोपात नोंदणीनंतरही प्रसिद्धी ३० महिन्यांपर्यंत लांबवता येते, आणि अमेरिकेत त्यांना देखभाल शुल्क नसल्याने माझी तिसरी पायरी तिथे लागू पडत नाही.

काचेच्या सपाट कीबोर्डवरचे गुण कमी केले. लेनोवोनेच २०१६ च्या योगा बुकमध्ये सपाट स्पर्शकीबोर्ड दिला होता, आणि २०२३ च्या योगा बुक ९आय या दोन पडद्यांच्या मशीनसोबत मात्र खऱ्या बटणांचा सुटा कीबोर्ड दिला. बोटांना खाली जाणारं बटण हवंय, हे त्या खोक्यातच लिहिलेलं होतं.

थंडाव्याच्या अर्जांवरचे गुण वाढवले. संकेत जी०६एफ १/२०३. फ्रोर सिस्टिम्सच्या एअरजेटसारखी पंख्याविना, थरथरणाऱ्या पातळ पडद्यांनी हवा ढकलणारी चिप २.८ मिलिमीटर जाड आहे. घडीच्या लॅपटॉपमध्ये प्रत्येक अर्धा भाग आधीच्या निम्म्या जाडीत बसवावा लागतो, त्यामुळे पंख्याची जागा आधी जाते. उष्णता बिजागरी ओलांडून दुसऱ्या भागात कशी न्यायची, यावरचे अर्ज मी आता वेगळ्या फाइलमध्ये ठेवतेय. घडी आणि थंडावा हे दोन्ही संकेत एकत्र आलेला अर्ज दिसला की त्या गुरुवारी मी बाकीचं बाजूला ठेवते.

सध्या टेबलावर तिसरा नमुना आहे: थिंकपॅड ७०१ चा कीबोर्ड. दोन तुकडे तिरक्या पायऱ्यांच्या कडेवर एकमेकांवरून सरकतात आणि झाकण उघडलं की मशीनच्या रुंदीबाहेर पसरतात. पुठ्ठ्यावर तुकडे सरकतात, पण झाकणाच्या फिरण्याशी त्यांची गती जुळत नाही; झाकण निम्मं मिटतं तरी उजवा तुकडा अजून बाहेरच असतो. झाकणाच्या आसाजवळ बसवलेल्या चकतीचा आकार मी चुकीचा कापलाय असं दिसतंय. मूळ पेटंटातले दावे पुन्हा एकदा, आकृती झाकून, काढून बघते आणि नवी चकती कापते.