झगा बेतायच्या आधी कापड पाण्यातून काढा

मी राहते त्या अमेरिकेतल्या मिनेसोटात ३१ ऑक्टोबरला हॅलोविन येतो तेव्हा थंडी चांगलीच पडलेली असते, एखाद्या वर्षी बर्फसुद्धा. मुलं जादूगार, राजा, भूत काय वाट्टेल ते होऊन दारोदार चॉकलेटं गोळा करतात, पण जाकीट घातल्याशिवाय कुठलीच आई दाराबाहेर सोडत नाही. म्हणून इथे झगा बेततात तोच जाकिटावरून चढेल असा ढगळ. मी हे मावशीला फोनवर मोठ्या कौतुकानं सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग यात नवं का आहे वो? आपल्या मंडईतला राजा स्वेटरावरूनच झगा घालते ना!"

बरोबर आहे तिचं. मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी भरणारी जत्रा, तिच्यात नाटक हवंच. झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातलं, हे नाटक रात्री उभं राहतं ते पहाटेपर्यंत चालतं, आणि दिवाळीनंतरचे दिवस थंडीचे.

मावशी लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या गावी शिलाई करते. ब्लाऊज आणि फॉल-पिको बारमाही, मंडईच्या आधी गावातल्या पोरांच्या नाटकाचे झगे. मी इथे हौसेनं तेच करते. शाकोपी नावाच्या गावाजवळ उन्हाळा सरताना शनिवार-रविवारी रेनेसाँ मेळा भरतो, १९७१ पासून. जुन्या युरोपातले पोशाख घालून लोक हिंडतात, आणि त्यातले कितीतरी पोशाख घरी शिवलेले. कापडाच्या बाबतीत ही माणसं आपल्या शिंप्यांपेक्षा चोखंदळ.

आता कापड घ्यायचं कुठून? जोअ‍ॅन नावाची कापडदुकानांची १९४३ पासूनची मोठी साखळी २०२५ मध्ये बंद झाली, आणि इथल्या शिवणाऱ्या बायकांची पंचाईत झाली. ऑनलाइन फोटोत मखमल काय आणि चकचकीत पॉलिएस्टर काय, सगळं सारखंच दिसतं. तिकडे गावाकडे वडशाच्या दुकानात गादीवर बसा, दुकानदार थानामागून थान उलगडतो, कापड मुठीत चुरगाळून बघता येतं. ही चैन आहे हो, सोडू नका.

माझी आवडती जागा मात्र जुन्या वस्तूंचं दुकान. वापरलेली सुती चादर घ्यायची. क्वीन मापाची चादर साधारण ९० बाय १०२ इंच, म्हणजे ४४ इंच पन्ह्याचं पाच मीटर कापड झालं, आणि मोठ्या माणसाच्या पायघोळ, रुंद बाह्यांच्या झग्याला एवढंच लागतं. शिवाय ती आधीच धुऊन धुऊन आटलेली, खळ निघून गेलेली. आपल्याकडे तेच काम जुनं सुती लुगडं करतं. झिरझिरीत झालेला भाग टाळून बेतायचं, बस.

नवं कापड घ्यायचं तर काठाचे दोन धागे उपसून चिमट्यात धरा आणि काडी लावा. कागद जळल्याचा वास आणि मऊ राख आली तर सुती. वितळून काळा कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर किंवा रेशीम. दुकानदार काहीही म्हणो, काडी खोटं बोलत नाही. नाटकात समई, मशाल, फटाके असतील तर हे बघाच. सुती कापड लवकर पेटतं, पण वितळलेलं पॉलिएस्टर अंगाला चिकटतं, ते जास्त वाईट. लोकर सहज पेट घेत नाही.

धुण्यावरून मात्र आमची खरी भांडणं. मावशी अस्तर नेहमी पाण्यातून काढते, वरचं कापड मात्र कोरंच बेतते. "कायले? झगा का रोज धुवाचा आहे?" रोज नाही, पण रात्रभर रंगमंचावर घाम गाळल्यावर एकदा तरी धुवावाच लागणार. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के सहज आटतं. १४० सेंटीमीटर लांबीचा झगा पाच टक्के आटला तर सात सेंटीमीटर गेले, म्हणजे महाराजांचे पायमोजे प्रेक्षकांना दिसणार. त्यातून वरचं कापड आटलं आणि अस्तर नाही, तर खालून अस्तर लोंबतं. हा मुद्दा तिला पटला, कारण लोंबतं अस्तर तिला खपतच नाही.

नियम एकच: तयार झगा पुढे जसा धुणार, तसंच कापड आधी धुवायचं. इथे कपडे गरम ड्रायरमध्ये वाळवतात, त्यात कापड आणखी आटतं, म्हणून मी कोरं कापडही ड्रायरमधूनच काढते. मावशीनं बादलीत भिजवून दोरीवर वाळवलं की पुरे. धुण्याआधी कापलेल्या कडांना इंटरलॉक मारून घ्यावं, नाहीतर दशांचा गुंता होतो. खळ निघाल्यावर कापड हातात वेगळंच लागतं. दुकानात ताठ उभा राहणारा मांजरपाट धुतल्यावर मऊ पडतो, आणि झग्याच्या चुण्या कशा पडणार हे तेव्हाच कळतं.

रंगासाठी मावशी मिठाच्या पाण्यावर श्रद्धा ठेवून आहे. रंगवताना रंग धाग्यात शिरायला मीठ मदत करतं हे खरं, पण रंगवून विकायला आलेल्या कापडाचा सुटा रंग त्यानं पक्का होत नाही. लाल आणि काळं कापड वेगळं, गार पाण्यात, पाणी नितळ येईपर्यंत धुवावं. मग पांढरी ओली चिंधी वर ठेवून इस्त्री दाबावी. चिंधी रंगली तर पांढऱ्या झग्याला त्या कापडाची गोट लावायची नाही. गावच्या बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही आणि काळ्या कापडावर पांढुरकी झाक बसते. तिथे साबणापेक्षा डिटर्जंट बरं. वाळवताना उलटं करून सावलीत, कारण आपलं ऊन रंग खातं.

लोकर गरम पाण्यात घुसळली की तिच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, कापड आकसून दाट होतं. स्वेटरचं वाटोळं होतं, पण मेळ्यातली माणसं मुद्दाम हेच करून घोंगडीसारखे जाड डगले शिवतात. कोशाला, म्हणजे टसर रेशमाला, मात्र यातलं काही करू नका. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावचा कोसा गार पाण्यात रिठ्यानं, न पिळता धुवावा. तो झग्याला वापरणारे कोण शौकीन असतील ते असोत.

उरली मखमल, राजाची लाडकी. हिची लव एकाच दिशेला असते. सगळे तुकडे त्याच दिशेनं बेतले नाहीत तर दिव्यात एक बाही गडद आणि एक फिकी दिसते. इस्त्री उलट्या बाजूनं, तीही हलकी. आणि ती धुवायची वेळच येऊ देऊ नये. यंदा मावशीला मी गळ्याला आणि काखेत सुती अस्तराचे तुकडे आतून फक्त धावदोऱ्यानं टाचायला सांगितलं आहे. प्रयोग झाला की दोरा उसवायचा, तेवढं अस्तर धुवायचं आणि पुन्हा टाचायचं. ते पाण्यातून काढलेलं असतंच, दगडावर आपटलं तरी चालेल.